सामू ८.३ आला म्हणून सल्फर ओतू नका, आधी खड्डा खोदा

अंबडकडच्या एका तरुण भावानं माती परीक्षणाचा रिपोर्ट दाखवून विचारलंय. मोसंबीची सहा वर्षांची बाग, दोन एकर. पाऊस लागून राहिल्यापासनं नवी पालवी पिवळी निघतीये, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि झाडाखाली उकरून बघितलं तर पांढरी मुळी (अन्नपाणी घेणारी नवी बारीक मुळी) दिसतच नाही. रिपोर्टात सामू (पीएच) ८.३, ईसी (क्षारांचं माप) ०.४, मुक्त चुना १४ टक्के. दुकानदारानं सल्फर आणि जिप्सम लिहून दिलंय. प्रश्न असा की हे टाकलं तर सामू ७ वर यायला किती दिवस लागतील आणि मुळी कधी चालू होईल.

भाऊ, सरळच सांगतो, सामू ७ वर येणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, तुझ्या पोराच्या काळात पण नाही. पण मुळी चालू होऊ शकते, ती गोष्ट वेगळीये, आणि हे दोन प्रश्न एकच आहेत असं आपण धरून बसलोय ना, तिथंच सगळा पैसा जातो.

आधी सल्फरचा हिशोब कर, कागदावर कर म्हणजे पटेल. एक एकरातली वरची अर्धा फूट माती म्हणजे साधारण ९०० टन वजन. त्यात १४ टक्के चुना म्हणजे १२६ टन चुना झाला. सल्फर जमिनीत गेलं की तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल आधी चुना खातं, सामूला हात लावायच्या आधी चुना संपवावा लागतो. एक टन चुना मारायला ३२० किलो शुद्ध सल्फर लागतं. म्हणजे तुझ्या एका एकराला ४० टन. दहा किलोच्या बॅगा घेतल्या तर ४ हजार बॅगा, आणि ते पण नुसत्या वरच्या अर्ध्या फुटाला, खालचा चुना तसाच. दुकानदारानं किती लिहून दिलंय, दोन बॅगा? गंधक हे अन्नद्रव्य आहे, सोयाबीनला तुरीला त्याचा उपयोग होतो, त्यासाठी टाकायचं तर टाक, सामू कमी करायला म्हणून टाकू नको.

आता जिप्सम. इथं मी माझीच चूक सांगतो. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मी नवीन होतो, परतूरकडच्या एका काकांचा रिपोर्ट आला, सामू ८.४, मी लगेच जिप्सम लिहून दिलं, पुस्तकात वाचलेलं होतं ना की विम्ल जमिनीला जिप्सम. काकांनी ट्रॉली भरून आणलं, पसरलं, वखरलं, एक वर्षानं सामू बघितला तर ८.४ च. काका काही बोलले नाही, चहा पाजला, पण मला ते लागलं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ज्या जमिनीत आधीच चुनखडी भरून आहे तिला अजून कॅल्शियम देऊन काय होणार? जिप्समचं काम सोडियम हाकलायचं आहे, चोपण म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीत, आणि ते पण खाली चर असेल, पाणी निघून जात असेल तरच.

मग चोपण कोणती आणि चुनखडीची कोणती हे कसं ओळखायचं? आकडाच सांगतो बघ. चुनखडीच्या जमिनीचा सामू सहसा ८.२-८.४ च्या वर जात नाही, कारण चुना, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड यांचा तोल तिथंच बसतो, कितीही चुना असू दे, ५ टक्के की २५ टक्के. सामू ८.५ च्या वर सरकला, ८.८ झाला, ९ झाला की समजायचं आता सोडियम बोलतोय. तिथं मातीचा कण कणाला धरत नाही, पाणी मारलं की गाळ, वाळलं की दगड, पावसाचं पाणी वर गढूळ साचून राहतं आणि खाली अर्ध्या फुटावर माती कोरडी. गोदावरीच्या कालव्याखाली काही ठिकाणी अशा जमिनी झाल्यात, जास्त पाणी आणि निचरा नाही म्हणून. तुझा ८.३ आहे, ईसी ०.४ म्हणजे क्षार पण नाहीत. तुझी चुनखडीची आहे, चोपण नाही. म्हणजे जिप्समचे पैसे वाचले.

आपल्याकडं मराठवाड्यात हे असं कामून आहे ते पण थोडक्यात. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर. पाऊस ७००-८०० मिलिमीटर, तेवढ्यात ते धुऊन जात नाही, तिथंच बसतं आणि चुनखडी बनते. कोकणात असलाच खडक पण पाऊस ३००० मिलिमीटर, सगळं धुऊन जातं आणि माती तांबडी आंबट होते. तिकडं सामू ५ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळीचं टोक जाळतं, मुळी आखूड जाड बोटासारखी होते, बारीक फाटे फुटतच नाहीत. तिकडं चुना टाकणं बरोबर. पण आमच्याकडं एकानं मोबाईलवर व्हिडिओ बघून काळ्या जमिनीत कळीचा चुना टाकलाय, मी डोळ्यानं बघितलंय, मुळं वाढतात म्हणे. आता काय बोलायचं.

आता मुळीकडं येऊ, खरी गोष्ट तिथंय.

मुळीचं टोक वाढतं म्हणजे तिथल्या पेशी लांब होतात. पेशीभोवती भिंत असते ती कडक असते, ती सैल झाल्याशिवाय पेशी लांबणार नाही, आणि ती सैल करायला मुळी स्वतःच आतून आंबटपणा बाहेर सोडते. म्हणजे मुळीला वाढायलाच थोडा आंबटपणा लागतो, आणि तो ती स्वतः तयार करते, आपण देत नाही. दुसरं काम लोहाचं. आपली जमीन लोखंडानं भरलेली आहे, टक्क्यात मोजावं एवढं लोह आहे तिच्यात, लाल गेरू काय उगाच निघतो का. पण सामू एक आकड्यानं वाढला की पाण्यात विरघळणारं लोह हजार पटीनं कमी होतं. सामूचं गणित असंच असतं, ७ चा ८ झाला म्हणजे थोडासा वाढला असं नाही, आंबटपणा दहा पट कमी झाला. (हे माप १९०९ ला सोरेनसेन नावाच्या डॅनिश माणसानं काढलं, कार्ल्सबर्गच्या बिअरच्या प्रयोगशाळेत. बिअरवाल्यांमुळं आपल्याला सामू कळला, असो.) तर ६.३ च्या जमिनीत जेवढं लोह हाताशी असतं त्याच्या दहा लाखावा हिस्सा ८.३ ला. जस्ताचं पण तसंच, फक्त एका आकड्याला शंभर पट. आणि स्फुरद टाकलं की चुना त्याला धरून ठेवतो. म्हणजे ताट वाढलेलं आहे पण झाडाला हात लावता येत नाही.

मोसंबी काय करते, मुळीच्या टोकाजवळ आंबट सोडते, लोह थोडं विरघळवते, त्याचं रूप बदलते आणि आत घेते. द्विदल झाडं सगळी हेच करतात. आपला हरभरा बघ. लहानपणी थंडीत पहाटे आई पांढरं धुतलेलं फडकं घेऊन हरभऱ्यावर पसरायची, दंव आणि पानावरची आंब त्यात भिजायची, मग ते पिळून बाटलीत भरून ठेवायची, पोट दुखलं की पाण्यात चमचाभर. ती आंब म्हणजे आम्ल आहे आणि हरभरा तसलंच आम्ल खाली मुळीतून पण सोडतो, चुन्यानं धरलेलं स्फुरद सोडवून घेतो. तूर पण तशीच, तिच्या मुळीतून एक आम्ल निघतं ते लोहानं धरलेलं स्फुरद काढतं. आपल्या आज्यानं ज्वारीत तूर आणि रब्बीला हरभरा कुणाला विचारून लावला नव्हता पण चुकीचा पण नव्हता लावला.

मग सांगायचं काय, तर पूर्ण शेताचा सामू आपल्या हातात नाही, पण मुळीच्या भोवतीची एक-दोन मिलिमीटरची माती, तिचा सामू मुळी स्वतः एक-दीड आकड्यानं खाली आणू शकते. आपलं काम तिला ते करू द्यायचं. अडथळा काढायचा.

आणि तुझ्या बागेत सगळ्यात मोठा अडथळा मला रिपोर्टात नाही दिसत, तो तू स्वतःच लिहिलाय, "पाऊस लागून राहिल्यापासनं". रिपरिप पाऊस, जमीन चिंब, मातीतली हवा संपली, मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात तो कार्बन डायऑक्साईड बाहेर निघत नाही, तो पाण्यात मिसळतो, चुना विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. हे बायकार्बोनेट मुळीनं सोडलेला आंबटपणा तिथल्या तिथं मारून टाकतं. म्हणजे मुळी आंबट सोडतीये आणि पाणी ते पुसतंय. वरून हवा नाही म्हणून मुळी दमलेली. लातूर, नांदेडकडं सोयाबीन वीस-पंचवीस दिवसाचं असताना पावसाची झड लागली की अख्खा पट्टा पिवळा पडतो, माणसं टॉनिक आणतात, फवारतात, चार दिवसात ऊन पडतं, वापसा येतो (म्हणजे जमिनीत ओल राहते पण हवा पण खेळते), डवरणी होते आणि पीक हिरवं होतं, नाव टॉनिकचं. वापसा आला नसता तर पाच टॉनिक मारून पण हिरवं झालं नसतं. वापसा हेच पहिलं औषध आहे आणि ते दुकानात मिळत नाही.

म्हणून आधी खड्डा. झाडाच्या फांद्यांचा बाहेरचा घेर जिथं संपतो त्याच्या खाली, दोन फूट खोल, एका बाजूनं उभी कड नीट तासून घे. खोडाजवळ खोदू नको, तिथं पांढरी मुळी नसतेच. आता कडेकडं निवांत बघ. मागच्या वर्षी घनसावंगीकडं एका बागेत मी असाच खड्डा घेतला, वरचे दहा-अकरा इंच माती काळी, भुसभुशीत, त्यात थोडी मुळी होती, आणि त्याच्या खाली एकदम राखाडी-पांढरट थर, त्यात हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे. मुळी खाली आली, थराला टेकली आणि आडवी वळली, हॉकीच्या काठीसारखी. टोकं तपकिरी, बोटात धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून हातात आणि आतली दोरी राहते. ती कुजलेली. मालकाच्या घरून लिंबू आणलं, पिळलं त्या पांढऱ्या थरावर, चर्र करून फेस. वरच्या काळ्या मातीवर पिळलं तर अगदी थोडे बुडबुडे. त्याच्या रिपोर्टात चुना ८ टक्केच होता, कारण नमुना वरच्या सहा इंचाचा. झाड अडलं होतं खाली आणि तपासणी झाली वरच्या मजल्याची.

तू पण नमुना कसा घेतला होता? बहुतेकांचा असाच असतो. फळबागेला एक फुटाचा, दोन फुटाचा, तीन फुटाचा असा वेगवेगळा घ्यायचा, वेगवेगळ्या पिशवीत, प्रत्येक थराचा अर्धा किलो. बांधाजवळ, उकिरड्याजवळ, नुकतं खत टाकलेल्या ठिकाणी घ्यायचा नाही. खताची रिकामी गोणी वापरायची नाही, हे सांगून सांगून थकलो. आणि पाण्याचा पण रिपोर्ट करून घे, मातीइतकाच महत्त्वाचा. तुझ्या ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो का? बसत असेल तर बोरच्या पाण्यात बायकार्बोनेट आहे आणि तू रोज पाण्यातून मुळीला तेच पाजतोयस, पाऊस नसला तरी.

आता काय करायचं. पहिलं पाणी काढ. दोन ओळींच्या मधून उताराला चर काढ, दीड-दोन फूट, पाऊस थांबेपर्यंत ड्रिप बंद. जमिनीला वापसा आला की आळ्याच्या बाहेरच्या घेरात हलकं उकर, खोल नाही, मुळी तोडायची नाही, नुसता वरचा पापुद्रा फोडायचा म्हणजे हवा आत जाईल. रोटाव्हेटर घालू नको रे बागेत, कितीदा सांगायचं, बहुतेक पांढरी मुळी वरच्या फुटातच असते.

दुसरं, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा, त्याच बाहेरच्या घेरात. शेणखतानं सामू उतरत नाही, कुणी म्हणत असेल तर तो फेकतोय. पण ते कुजताना जी आम्लं निघतात ती लोह-जस्त धरून मुळीपर्यंत पोचवतात, आणि माती पोकळ होते म्हणजे हवा. मुळीला दोन्ही पाहिजे.

तिसरं, खताचं रूप. झाडानं अमोनियम रूपातलं नत्र घेतलं की मुळी बदल्यात आंबट बाहेर सोडते, आणि नायट्रेट घेतलं की उलटं, भोवतीचा सामू वाढतो. म्हणून असल्या जमिनीत अमोनियम सल्फेट चांगलं, स्फुरदाला १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) चांगलं कारण ते आम्लधर्मी आहे. कॅल्शियम नायट्रेट तू मारतोयस का? असशील तर थांब, १४ टक्के चुन्याच्या जमिनीत कॅल्शियम विकत आणणं म्हणजे समुद्रात मीठ टाकायला जाणं. आणि अमोनियमचं खत वर भुरकावून सोडू नको, असल्या सामूला त्यातला अमोनिया उडून जातो, मातीआड कर. युरियाचं पण तेच.

चौथं लोह. इथं लई पैसा वाया जातो म्हणून नीट वाच. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत नुसता टाकला तर दोन-चार दिवसात गंजून मातीतल्या बाकी लोहासारखाच निरुपयोगी होतो. टाकायचाच तर शेणखतात मिसळून, पंधरा दिवस मुरवून. चिलेटेड लोह (लोह धरून ठेवणाऱ्या रसायनात बांधलेलं) म्हणून दुकानात जे मिळतं त्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. ईडीटीए असेल तर ते फवारायला ठीक, पण जमिनीत सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोह सोडून देतं आणि कॅल्शियमला धरतं. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं. तुझ्या ८.३ ला जमिनीतून द्यायचं तर फक्त ईडीडीएचए, त्याचं पाणी गडद लाल होतं, महाग आहे, पण ईडीटीए तीनदा टाकण्यापेक्षा हे एकदा. झाडाच्या वयाप्रमाणं डोस पाकिटावरून घे. आणि ते पण वापसा आल्यावर, चिखलात नाही. तोवर पालवी कोवळी असताना फवारणी घे, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सिट्रिक ॲसिड, संध्याकाळी, ताजं कालवून, रात्रभर ठेवलेलं तांबूस झालं की फेकून दे. फवारणीनं पान हिरवं होतं, मुळी नाही, एवढं ध्यानात ठेव. जुनी पानं पिवळी पडत असती तर मी नत्राचं बोललो असतो, नवी पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहच, पण पान आखूड अरुंद आणि गुच्छात येत असलं तर सोबत जस्त पण कमी आहे, शेंडे नीट बघ.

पाण्याच्या रिपोर्टात बायकार्बोनेट जास्त निघालं तर ड्रिपमधून ॲसिड सोडायचं, पाण्याचा सामू साडेसहाच्या आसपास येईल इतकं, किती ते बादलीभर पाण्यात थेंब थेंब टाकून सामूच्या पट्टीनं आधी मोजायचं. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, चष्मा आणि हातमोजे घालून. हे गमतीचं काम नाही, गडी माणसावर सोडू नको.

पांढरी मुळी कधी दिसेल विचारलंस. वापसा राहिला आणि मुळी कुजून वर खोडापर्यंत गेली नसली तर तीन-चार आठवड्यात त्याच खड्ड्याच्या कडेला दाताच्या ब्रशसारखी पांढरी टोकं दिसायला लागतात. खड्डा बुजवताना एक बाजू गोणीनं झाकून ठेव, म्हणजे परत उघडून बघता येईल. सोललेली साल वास मारत असेल तर मात्र ती मूळकूज आहे, तिथं सामू-बिमू बाजूला ठेवून आधी बुरशीचं बघावं लागेल, एक मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात दाखव.

आणि तू शेवटी लिहिलंस की शेजारचं अजून एक एकर घेऊन तिथं पण मोसंबी लावायचीये. लावायच्या आधी तीन फुटाचे दोन खड्डे घे आणि लिंबू सोबत ने. चुना १० टक्क्याच्या वर निघाला तर मोसंबी नको, सीताफळ लाव. १० टक्क्याच्या आत निघाला, तर रोप घेताना खुंट (ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधलंय ते) विचार, रंगपूर लिंबाचा खुंट चुन्याला जास्त सोसतो. नर्सरीवाला रोपाची उंची दाखवेल, तू खुंट विचार.